हरणाच्या लेंड्यांतील जीवाणू : १६एसचे साम्य ९८.९ टक्के आले, तर नव्या प्रजातीची आशा सोडावी का?

प्रश्न :
हरणाच्या लेंड्यांमधून मी एक जीवाणू शुद्ध स्वरूपात वेगळा केला आहे. त्याच्या १६एस आरआरएनए जनुकाचा, म्हणजे जीवाणू ओळखण्यासाठी वाचल्या जाणाऱ्या जनुकाचा, सुमारे १४०० बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) अनुक्रम सार्वजनिक संग्रहांतील नोंदींशी ताडून पाहिला असता, सर्वांत जवळच्या नोंदीशी त्याचे साम्य ९८.९ टक्के भरले. प्रजातीची सीमा ९८.७ टक्क्यांच्या आसपास मानतात. मग हा जीवाणू जुन्याच प्रजातीतला समजून काम थांबवावे का?

प्रतिसाद १ :
कृपया थांबवू नका. साम्य त्या सीमेखाली असेल तर प्रजाती नवी असण्याची शक्यता दाट असते. पण सीमेच्या वर गेले म्हणून प्रजाती एकच, असे सिद्ध होत नाही. हे जनुक रायबोसोमच्या, म्हणजे पेशीत प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेच्या, कामाशी बांधलेले असल्याने फार सावकाश बदलते. म्हणूनच दूरची नाती दाखवण्यात ते उपयोगी पडते आणि जवळची नाती वेगळी करण्यात कमी पडते. आधी पाहा की ती जवळची नोंद टाइप स्ट्रेनची, म्हणजे ज्या वाणाशी प्रजातीचे नाव कायमचे जोडलेले असते त्याची आहे का. सार्वजनिक संग्रहांत चुकीच्या नावाने ठेवलेले अनुक्रमही सापडतात. त्यानंतर संपूर्ण जीनोम, म्हणजे जीवाणूचा सगळा डीएनए, वाचून घ्या. टाइप स्ट्रेनच्या जीनोमशी सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य (दोन्ही जीनोमांच्या समान भागांतील अक्षरे सरासरी किती जुळतात) ९५ ते ९६ टक्क्यांच्या खाली आणि संगणकावर काढलेले डीएनए संकरण (दोन्हींचे डीएनए एकमेकांशी किती जुळतील याचा अंदाज) ७० टक्क्यांच्या खाली आले, तर आपला दावा भक्कम होतो.

प्रतिसाद २ :
मला अधिक काळजी उगमाची वाटते. लेंडी किती ताजी होती, आणि नमुना आतल्या भागातून घेतला होता का? जमिनीवर पडलेल्या लेंडीवर मातीतले जीवाणू लवकर वाढतात.

प्रश्नकर्ता :
लेंडी ताजी होती, परंतु नमुना पृष्ठभागावरून घेतला होता आणि जीवाणू वाढवण्याची बशी साध्या हवेतच उबवली होती.

प्रतिसाद २ :
तर मग त्याला आतड्याचा रहिवासी म्हणण्याची घाई करू नये, कारण आतड्यात बहुसंख्य असणारे जीवाणू ऑक्सिजनमध्ये वाढतच नाहीत. पुढच्या वेळी आतला भाग घ्या, शेजारच्या मातीचा नमुना तुलनेसाठी ठेवा आणि काही बश्या ऑक्सिजनविरहित पेटीत उबवा. अर्थात प्रजाती नवी असेल, तर ती मातीतली निघाली तरी नवीच राहील. फक्त वर्णनात अधिवास प्रामाणिकपणे लिहावा लागेल.

प्रतिसाद ३ :
नाव देण्यापूर्वी एक गोष्ट आताच सुरू करावी. नाव वैध ठरण्यासाठी टाइप स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतील किमान दोन जीवाणू-संग्रहांत ठेवून त्याची प्रमाणपत्रे द्यावी लागतात, आणि त्यात पुष्कळ वेळ जातो. शक्य असल्यास त्याच प्रजातीचे आणखी एक-दोन वाण मिळवा. एकाच वाणावरून लिहिलेल्या वर्णनात प्रजातीचे गुण कोणते आणि त्या वाणापुरते कोणते, हे कळत नाही.