नर्सिंगच्या मुलींना दारूचा विथड्रॉवल ओळखायला कसं शिकवता?

क्लिनिकलवाली_मॅडम
पुण्यात एका नर्सिंग कॉलेजला क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आहे. थर्ड इयरच्या पोरी मेंटल हेल्थच्या पेपरात विथड्रॉवलची, म्हणजे रोजची दारू अचानक बंद झाल्यावर होणाऱ्या त्रासाची, लक्षणं घडाघडा लिहितात, पण ऑर्थो वॉर्डात तोच पेशंट समोर आला की ओळखत नाहीत. परवा मांडीच्या फ्रॅक्चरचा माणूस, ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी हात थरथरतायत, घामाने चादर ओली, भिंतीवर मुंग्या चालतायत म्हणतोय, सलाईन उपसून टाकली, आणि हिस्टरी शीटवर 'हॅबिट्स - निल'. विचारलं तर म्हणते, मॅडम मी विचारलं होतं दारू पिता का, ते नाही म्हणाले. शेजारी सासरे बसलेले! लेक्चर सोडून काही उपाय आहे का?

नाइट_ड्युटी
सासऱ्यासमोर कोण हो म्हणेल हो. नातेवाइकांना औषधं आणायला खाली पाठवायचं आणि बीपी घेता घेता सरळ विचारायचं, शेवटची कधी घेतली? तिथून तास मोजायचे. थरथर, घाम, झोप उडणं ६ ते १२ तासांत सुरू होतं, फिट आली तर बहुतेक पहिल्या दोन दिवसांत, आणि ती बडबड, भास वगैरे साधारण ४८ ते ७२ तासांनी. म्हणजे बरोब्बर पोस्ट-ऑपमध्ये, त्यामुळे सगळे म्हणतात भूल उतरली नाही अजून. शुगर, सॅच्युरेशन, ताप बघायचाच, पण डॉक्टरला फोन करताना शेवटच्या दारूची वेळ सांगायची आणि थायमिनचं (व्हिटॅमिन बी१) विचारायचं, ते शक्यतो डेक्स्ट्रोजच्या म्हणजे ग्लुकोजच्या सलाईनच्या आधी जातं. शुगर घसरली असेल तर मात्र त्यासाठी थांबायचं नाही.

रिटायर्ड_ट्यूटर
दारू किती पितात ते तपासायचा ऑडिट (AUDIT) फॉर्म भरून घ्या, डब्ल्यूएचओचा, १० प्रश्न, ४० पैकी ८ किंवा जास्त आले की पुढे बोलायचं. फक्त आधी पोरींना क्वार्टर म्हणजे काय ते शिकवा. पेशंट 'एकच घेतो' म्हणतो आणि या एकच ड्रिंक लिहितात, अहो ती १८० एमएलची क्वार्टर असते, व्हिस्की असेल तर साधारण सहा स्टँडर्ड ड्रिंक (एकात १० ग्रॅम अल्कोहोल) झाली! बायकांना मिश्रीचं वेगळं विचारावं लागतं, 'तंबाखू खाता का'ला त्या नाहीच म्हणतात, दात घासणं हे त्यांच्या लेखी व्यसन नाहीच. आणि हँडओव्हर देताना '१२ नंबरचा बेवडा' म्हणणाऱ्या सीनियरला तिथल्या तिथे टोका, पोरी तेच उचलतात. जमलं तर बॅच येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात न्या. १९८६ पासून चालू आहे, व्यसन सुटलेल्या माणसाशी तासभर बोलल्यावर मुलींची भीड चेपते, माझा तरी अनुभव तोच.

थर्ड_इयर_बीएससी
मॅडम, आम्हाला खरी अडचण वेगळीच येते. पेशंट खरं सांगतो आणि मग मुलगा मागे येऊन म्हणतो सिस्टर ते लिहू नका, मेडिक्लेम रिजेक्ट होईल. तेव्हा काय करायचं??

नाइट_ड्युटी
लिहायचं. क्लेमचं काय होईल ते आपल्या हातात नाही, रात्री फिट आली तर ती मात्र आपल्याच वॉर्डात येणार. मुलाला एवढंच सांग की यावर औषध ठरतंय. वाद घालायला लागला तर तू बोलत बसू नकोस, इनचार्ज सिस्टरना बोलाव.

क्लिनिकलवाली_मॅडम
हो, आणि शीटवर वेळ टाकून सही कर. मेडिक्लेमचा हा सीन पुढच्या रोल प्लेमध्ये घेतेच.