निसर्ग वादळाची मदत: गुंठ्याला ५०० रुपये हा हिशोब बदलायचा कसा?

पोफळवाडी

मंडळी नमस्कार. मी श्रीवर्धन तालुक्यातला. वडिलार्जित वाडी आहे, बारा गुंठ्यांची. माड, पोफळी म्हणजे सुपारीची झाडं, मध्ये जायफळ, खोडांवर मिरीचे वेल. येत्या ग्रामसभेत वादळाच्या नुकसानभरपाईच्या निकषांबद्दल ठराव मांडायचा गावातल्या काही बागायतदारांचा विचार आहे आणि मसुदा लिहायचं काम माझ्याकडे आलंय. तो पक्का करण्याआधी तुमची मतं हवी आहेत.

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागलं. ५ तारखेला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे अलिबागला आले आणि रायगडसाठी तातडीचे १०० कोटी जाहीर झाले. पाठोपाठ निकषही वाढवले. फळबागेला हेक्टरी १८,००० होते ते ५०,००० झाले, मर्यादा दोन हेक्टरची. पूर्ण पडलेल्या घराला ९५,१०० ऐवजी दीड लाख. ही वाढ खरी होती, वेळेत जाहीर झाली, आणि ठरावात तसं स्पष्ट लिहावं असं माझं मत आहे. जे झालं ते झालं म्हणायलाच हवं.

पण हेक्टर म्हणजे साधारण शंभर गुंठे. हेक्टरी ५०,००० म्हणजे गुंठ्याला ५००. आमच्या किनारपट्टीत सलग हेक्टरभर वाडी असलेला माणूस मला तरी माहीत नाही. कोणाची पाच गुंठे, कोणाची आठ, कोणाची वीस. माझ्या बारा गुंठ्यांचे झाले सहा हजार. आडवे झालेले माड कापून, ओंडके ओढून वाडीबाहेर काढायलाच त्याहून जास्त लागले. कटरवाल्यांचे दर चढलेले, माणूस मिळत नव्हता, वरून पाऊस सुरू झालेला.

आंब्या-काजूच्या बागेला हेक्टर हे माप चालतं, कारण तिथे कलमांमध्ये अंतर असतं. आमची वाडी उभी पिकते. माडाच्या खाली पोफळ, पोफळीच्या सावलीत जायफळ, त्याच जागेत केळ आणि अननस. श्रीवर्धनी रोठ्याला, म्हणजे इथल्या सुपारीला, भाव आहे म्हणून अशा दहा-बारा गुंठ्यांवर इथे घरं चालली, पोरं शिकली. एवढ्या दाट पिकाला जमिनीच्या क्षेत्रफळावर मोजलं की त्यातलं बहुतेक मोजायचं राहूनच जातं.

ओरड झाली आणि सरकारने नंतर झाडामागे मदत ठरवली: माडाला २५०, पोफळीला ५० रुपये. तत्त्व बरोबर होतं. रक्कम मात्र माझ्या गळी उतरत नाही. पन्नास रुपयांत फार तर रोप येतं. लावलेली पोफळ धरायला सहा-सात वर्षं घेते आणि पुढे कित्येक दशकं देत राहते. मधल्या वर्षांत घर कशावर चालवायचं, याला शासनाच्या कुठल्याही कागदात रकाना नाही.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळत नाही. वादळात जी झाडं उभी राहिली त्यांचंही पुढे नुकसान झालं. वरचं छत्र गेलं आणि सावलीत वाढलेल्या जायफळांवर, कोवळ्या पोफळींवर थेट ऊन आलं. खोडं भाजली. माझी निम्मी जायफळं पुढच्या दोन उन्हाळ्यांत वाळली. पंचनाम्यात ती ‘उभी’ म्हणून सुटली होती.

मदत झाडामागे मागावी, गुंठ्यामागे मागावी, की झाड पुन्हा धरेपर्यंत दर वर्षी काही ठरावीक रक्कम मागावी? माझा कल तिसऱ्याकडे आहे, पण ग्रामसभेत विचारलं तर बाजू मांडता यायला हवी.

निवृत्त_कृषी_सहायक

पोफळवाडी, तुम्ही नीट मांडलंत म्हणून सविस्तर लिहितो. मी त्या वेळी शेजारच्या तालुक्यात पंचनाम्याच्या पथकात होतो, त्यामुळे दुसरी बाजूही सांगायला हवी.

हेक्टरी दर हे राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचं माप आहे. ते केंद्राच्या निकषांवर चालतं आणि साऱ्या देशाला एकच. १८,००० तिथून आले. त्यावरचा भार राज्याने उचलला. त्यामुळे नुसतं ‘दर वाढवा’ लिहून भागणार नाही. माप बदलायचं असेल तर मागणी दोन ठिकाणी जायला हवी, मुंबईला आणि दिल्लीलाही.

आता झाडं मोजण्याबद्दल. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असं पथक. वीज नाही, फोन लागत नाही, करोनामुळे माणसं कमी, पाऊस डोक्यावर. वाडीत शिरलं की झाडावर झाड पडलेलं, खालचं कुठलं आणि वरचं कुठलं कळत नाही. मालक म्हणतो दोनशे, आम्हाला दिसतात सव्वाशे. दोघंही खोटं बोलत नसतात! सातबारावर ‘नारळ, सुपारी’ एवढंच, आकडा नाही. पहिल्या दिवसापासून झाडामागे मोजत बसलो असतो तर पैसे दिवाळीनंतर आले असते. क्षेत्र धरल्यामुळे काही रक्कम तरी लवकर हातात पडली.

म्हणून माझं म्हणणं असं की मोजणी वादळाच्या आधी व्हायला हवी. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आहे. आपापली झाडं तिथे दर वर्षी नोंदवा, संख्येसकट, फोटोसकट. आमच्याकडचे बागायतदार भातासाठी ती करतात आणि वाडीसाठी टाळतात. नोंदच नसेल तर पथकाने कशावर विश्वास ठेवायचा? ग्रामपंचायतीनेही वाडीवार झाडांचं एक रजिस्टर ठेवावं आणि दर वर्षी ग्रामसभेत वाचून दाखवावं. शेजाऱ्यांसमोर वाचलेला आकडा कोणी फुगवत नाही.

विम्याचंही लिहा. आंबा आणि काजूला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. नारळासाठी नारळ विकास मंडळाची योजना होती. तिच्यात सोळा ते साठ वर्षांच्या माडाची विमा रक्कम १,७५० रुपये आणि वर्षाचा हप्ता १४ रुपये, तोही बराचसा मंडळ आणि राज्य भरणार. म्हणजे सरकारी योजनेनेच एका माडाची किंमत १,७५० धरली होती. हा मुद्दा २५० च्या विरोधात वापरा, तो कागदावर टिकेल. ही योजना आपल्या वाड्यांपर्यंत पोहोचली नाही याचं मला आजही वाईट वाटतं, आणि पोफळीला तर तेवढाही आधार नव्हता.

जायफळाचं तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के खरं आहे. दुसरा पंचनामा वर्षभराने व्हायला हवा. नवीन लावताना दापोली विद्यापीठाची कलमंच घ्या. बियांपासूनचं जायफळ नर निघालं तर सहा-सात वर्षं वाया जातात.

रत्नागिरीकर

केंद्राने काय दिलं ते का लिहीत नाही कोणी? मे २०२१ मध्ये तौक्ते आलं तेव्हा गुजरातला पंतप्रधान हवाई पाहणीला गेले आणि १,००० कोटी तिथल्या तिथे जाहीर झाले. आमच्या किनाऱ्यावरून तेच वादळ गेलं होतं. ठरावात पहिली ओळ ही हवी.

केळशीची_माहेरवाशीण

मी डोंबिवलीला असते, माहेर केळशीचं. रत्नागिरीकर दादा, तुमचा राग समजतो, पण आमच्या घरी आलेले थोडेफार पैसेही आईच्या हातात पडायला किती वेळ लागला ते ऐका.

आमचा सातबारा अजून आजोबांच्या पिढीतला. त्यावर अकरा नावं. त्यातली काही माणसं हयात नाहीत, काहींचे वारस पुण्याला, एक कुटुंब बडोद्याला. वाडी शिंपते, खत घालते, चोरांवर नजर ठेवते ती माझी आई, आणि तिचं नाव त्या उताऱ्यावर नाहीच. मदत हवी तर सगळ्या सहहिस्सेदारांचं संमतीपत्र आणा, असं कार्यालयातून सांगितलं. टाळेबंदी चालू, एसटी बंद. बडोद्याच्या काकांची सही आणायची कशी? आमच्या गावात असं एक घर नाही, अर्धा गाव आहे. कोकणात चाकरमान्यांची नावं जमिनीवर असतात आणि राबणारी माणसं त्याच जमिनीवर बिननावाची असतात.

म्हणून पोफळवाडी दादा, झाडामागे की गुंठ्यामागे या प्रश्नाआधी ‘कोणाला’ हे लिहा. वाडी प्रत्यक्ष कोण कसतं हे ग्रामसभेला माहीत असतं. ग्रामसभेच्या दाखल्यावर निदान तातडीची रक्कम कसणाऱ्याच्या खात्यात जावी. हिस्स्यांचे वाद नंतर मिटवता येतील.

घरांचंही तसंच. आमची कौलं सगळी गेली, वासे मोडले, भिंती राहिल्या. म्हणजे ‘अंशतः पडझड’. किती टक्के पडझड यावर रक्कम ठरते, आणि किमान टप्प्याला १५,०००. छप्पर नसलेलं घर जून महिन्यात किती टक्के पडलेलं असतं, हे मला कोणीतरी समजावून सांगावं. मातीची भिंत आठ पावसांत उतरली. पंचनाम्याच्या दिवशी ती उभी होती.

आणि एक राहिलं, माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं. आमच्याकडे सुपारी सोलायला बायका यायच्या, सोललेल्या किलोवर मजुरी. सुपारी वाळवणं, सोलणं, निवडणं यावर त्यांचा हंगाम निघायचा. वाडीच गेली तर त्यांचंही काम सहा-सात वर्षं गेलं. त्यांच्याकडे ना सातबारा, ना झाड. कुठल्याच यादीत त्या नव्हत्या. काहीजणी मुंबईला घरकामाला निघून गेल्या. तुमच्या ठरावात त्यांचं एक कलम असेल तर मी माझ्या गावातूनही तोच ठराव मांडायला लावते.

भुवनेश्वरहून

मी मूळचा अलिबागचा, नोकरीमुळे बरीच वर्षं ओडिशात आहे. ३ मे २०१९ ला फनी चक्रीवादळ पुरीला धडकलं तेव्हा इथेच होतो.

इथली तयारी पाहून आपल्याबद्दल काळजी वाटते. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्याच वर्षी त्यांनी राज्याचं स्वतंत्र आपत्ती प्राधिकरण उभं केलं. पुढच्या वीस वर्षांत किनाऱ्यावर आठशेहून जास्त निवारे बांधले आणि फनीच्या वेळी सुमारे बारा लाख लोक हलवले. निवारे एरवी शाळा म्हणून चालतात, त्यामुळे ते बंद पडून सडत नाहीत. कोकणात २००९ ला फयान आलं, मग निसर्ग, मग तौक्ते, तरी वादळ हे पूर्व किनाऱ्याचं दुखणं असा समज आपल्याकडे अजून आहे.

पण उपजीविकेचा प्रश्न ओडिशालाही पूर्ण सुटलेला नाही. इथले पानमळे अगदी छोटे असतात, बांबूच्या मांडवात. वादळात मांडव जातो आणि वर्षाचं उत्पन्नही. एवढंसं क्षेत्र हेक्टरमध्ये मोजलं की हाती काय येतं हा वाद मी इथेही ऐकलाय. म्हणजे दिल्लीकडे जाणारी मागणी एकट्या कोकणाची नाही. केरळ, कर्नाटक आणि गोव्याच्या किनाऱ्यावरही अशाच वाड्या आहेत.

रत्नागिरीकर, केंद्राच्या मदतीबद्दल लिहायचं तर तारखेवर बोट ठेवा. निसर्ग जूनमध्ये आलं, केंद्राच्या उच्चस्तरीय समितीने महाराष्ट्राला २६८.५९ कोटी मंजूर केले ते १३ नोव्हेंबर २०२० ला. त्याच बैठकीत अम्फान वादळासाठी पश्चिम बंगालला २,७०७.७७ कोटी मिळाले, पण ते नुकसान कितीतरी मोठं होतं, त्यामुळे नुसत्या रकमांची तुलना कोणीही खोडून काढेल. पाच महिने लागले हे कोणाला खोडता येणार नाही.

विजेचंही एक कलम घाला. अलिबागला भूमिगत केबलचं काम राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून हाती घेतलं होतं. वाड्यांच्या गावांत तारा माडांच्या झावळ्यांतूनच जातात. वीज गेली की पंप बंद, आणि पावसाळा सरल्यावर नव्या रोपांना पाणी कसं द्यायचं?

पोफळवाडी

सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून मसुदा बदलला.

ताई, तुमचा मुद्दा आता पहिल्या कलमात आहे: कसणाऱ्याला तातडीची रक्कम ग्रामसभेच्या दाखल्यावर, आणि सुपारी सोलणाऱ्या, वाडीत मजुरीला जाणाऱ्या कुटुंबांना बाग पुन्हा धरेपर्यंत रोजगार हमीतून वाडीचंच काम. आळी करणं, शेणखत वाहणं, सावलीला केळ लावणं, नव्या रोपांना पहिली तीन वर्षं पाणी घालणं. काम खरं आहे, लागणारं आहे, आणि त्यांच्याइतकं ते कोणाला येत नाही.

काका, झाडांच्या रजिस्टरचं मान्य. माझी वाडी मी या आठवड्यात नोंदवतो. मात्र एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. तातडीची मदत क्षेत्रावर द्या, लवकर द्या, त्याला विरोध नाही. पण तीच अंतिम मदत का मानायची? पहिला हप्ता गुंठ्यावर, दुसरा झाडं मोजून, तिसरा वर्षभरानंतरच्या पाहणीवर, असं लिहिलंय. माडाच्या किमतीला तुमचा १,७५० चा आधार दिलाय. पोफळीसाठी श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्राला विचारून एका झाडाचं सरासरी उत्पन्न लेखी घेणार आहे, म्हणजे आकडा आमच्या मनातला राहणार नाही.

रत्नागिरीकर, तौक्तेचं पहिल्या ओळीत घेत नाही. ठरावावर सगळ्या पक्षांच्या माणसांच्या सह्या हव्या आहेत, आणि त्या ओळीवर निम्मी सभा उठून जाईल. केंद्राच्या मंजुरीची तारीख मात्र घेतली आहे.

भुवनेश्वरहून लिहिणारे दादा, गोवा आणि कर्नाटकातल्या बागायतदारांपर्यंत हे पोहोचवायला तुमच्या ओळखीतलं कोणी असेल तर कळवा. आणि कोणाकडे झाडामागे मदतीच्या २०२० च्या शासन निर्णयाची स्वच्छ प्रत असेल तर इथे टाका. माझ्याकडची झेरॉक्स इतकी पुसट आहे की जोडून पाठवता येणार नाही.