ट्रेलरचं व्हील बेअरिंग: निवडताना, बदलताना तुम्हाला काय अनुभव आला?

ट्रेलर चालवणारे, रिपेअर करणारे, नुसता घरचा छोटा ट्रेलर ओढणारे, सगळ्यांनी लिहा. बेअरिंग कुठलं घेतलं, कोणी बसवलं, किती टिकलं, काय चुकलं. सुरुवात मी करतो.

आमचा चाळीस फुटी ट्रेलर न्हावा शेवा ते भिवंडी चालतो. मागच्या पावसाळ्यात ड्रायव्हरचा फोन आला की मागच्या डाव्या चाकातून घरघर येतेय, मी म्हटलं खेप टाकून ये मग बघू. त्याने ती टाकली, दुसरी पण टाकली आणि तिसऱ्या दिवशी कळंबोलीच्या अलीकडे हबमधून (चाकाच्या मधल्या भागातून) धूर. मी पोचलो तेव्हा पाऊस चालू होता, हबवर थेंब पडला की चुर्र आणि वाफ. हबमधल्या दोन बेअरिंगपैकी आतल्याची आतली रिंग स्पिंडलला (अ‍ॅक्सलच्या टोकाला) अशी धरलेली की गॅस कटर लावावा लागला, आणि खाली स्पिंडलला मार बसू नये म्हणून कारागीर रिंग पूर्ण न कापता नुसता चर पाडून मग छन्नीने फोडत होता, तो अर्धा तास माझा जीव टांगणीला. कारण नंतर कळलं. बाहेरच्या बेअरिंगचा कप, म्हणजे हबमध्ये बसणारी बाहेरची रिंग, जरा शाबूत राहिलेला, त्याच्यावर देवीच्या व्रणांसारखे जुने खड्डे. चार महिन्यांपूर्वी हायवेवरच्या एका गॅरेजने रोलरवाले कोन (आतल्या रिंगा) तेवढे नवीन टाकले आणि हबमधले कप जुनेच ठेवले होते, बिलावर मात्र "बेअरिंग सेट" लिहिलेलं. खड्ड्यांवर नवीन रोलर फिरवले तर ते टिकणार कसे? चूक माझीही आहे, घरघर ऐकली त्याच दिवशी गाडी उभी करायला हवी होती. त्या रस्त्यावर मागून बाईकवाले येत असतात, चाक निघालं असतं तर काय झालं असतं ते अजून मनातून जात नाही.

*

दादा, वाचून अंगावर काटा आला. मी वडाळ्याला ट्रक टर्मिनलच्या बाजूला बावीस वर्षं हब-ड्रमचंच काम करतो. कोन आणि कप हा जोडा आहे, बदलायचे तर दोन्ही, आणि ऑइल सील (ग्रीस आत, पाणी बाहेर ठेवणारी रिंग) नवीनच. कप ठोकताना कान देऊन ऐका. खाली जात असतो तोवर टण टण वाजतो, सीटवर टेकला की आवाज एकदम बदलतो, भरीव ठक्क येतो, त्याच्यापुढे एक हातोडा मारू नका. मी जुना कप बाहेरून ग्राइंडरने थोडा उतरवून ठेवलाय, तो नवीन कपावर ठेवून ठोकतो म्हणजे घाव सगळीकडे सारखा बसतो. घाई नसेल तर कप रात्रभर प्लास्टिकमध्ये गुंडाळून डीप फ्रीजमध्ये ठेवा. दीडशे मिमीचा कप उणे अठराला गेला की साधारण ०.०८ मिमी आकसतो, मग चार हलक्या टोल्यात बसतो.

आता खरा मुद्दा, नट. गिऱ्हाईक बाजूला उभं राहून म्हणतं मिस्त्री घट्ट करा. अशा तिरप्या रोलरच्या (टेपर रोलर) बेअरिंगला घट्ट चालत नाही हो! ड्रम हाताने फिरवत फिरवत नट आवळायचा म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात, मग नट मागे घ्यायचा आणि अ‍ॅक्सल कंपनीने दिलंय तेवढा बारीक प्ले (मोकळीक) ठेवायचा, साधारण ०.०२ ते ०.१२ मिमी. डायल गेजने (बारीक हालचाल दाखवणारं मापयंत्र) मोजा. मी पण सुरुवातीला हाताच्या अंदाजाने करायचो पण गेज घेतल्यापासून गाडी परत येणं जवळपास बंदच झालं. घट्ट राहिलं तर गरम होऊन जळतं, ढिलं राहिलं तर चाक डुलतं आणि सील खातं. नट अडकवणारी स्प्लिट पिन जुनी सरळ करून परत घालू नका. आणि काही अ‍ॅक्सलला डाव्या बाजूच्या नटाचे आटे उलटे असतात, टॉमीला (पान्याच्या दांड्याला) पाइप लावून जोर करण्याआधी ते बघा.

*

मी मुंबईत नागदेवी स्ट्रीटला बेअरिंगच्या दुकानात काउंटरवर असतो. रोज दोघं-तिघं मोबाइलवर नुसता चाकाचा फोटो दाखवून "याचं बेअरिंग द्या" म्हणतात. कृपा करून जुनं बेअरिंग सोबत आणा, तेही रॉकेलने धुऊन, कारण नंबर रिंगच्या कडेला कोरलेला असतो आणि ग्रीसखाली दिसत नाही. नंबर मिटला असेल तर वर्निअर लावून आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि उंची अशी तीन मापं घ्यावी लागतात. मेट्रिक नंबर वाचायची एक सोपी खूण सांगतो, शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की आतला व्यास मिळतो. ३३२१३ म्हणजे १३ पंचे ६५ मिमी, ३३११८ म्हणजे ९०. पण हे इंची नंबरला लागू होत नाही, तिथे फसाल.

ब्रँडचं म्हणाल तर टिमकेन जमशेदपूरला बनतं, एनबीसी जयपूरला, एसकेएफचा कारखाना आपल्या चिंचवडला, तिघांपैकी कुठलंही असली असेल तर मी डोळे झाकून देईन. अडचण नकलीची आहे. खोका इतका हुबेहूब असतो की मलाही वेळ लागतो. भाव निम्मा सांगितला की समजून जा. पक्कं बिल मागा, एसकेएफचं तपासायचं अ‍ॅप आहे त्यात फोटो काढून पाठवता येतो, आणि बेअरिंग खोक्यातून काढलं की त्याच्यावरची छपाई अंगठ्याने घासून बघा, पुसली जात असेल तर मागे ठेवा.

*

आमचा अनुभव थोडा वेगळा आहे पण लिहिते. आमच्या मंडळाची गणपतीची ट्रॉली मुंबईतल्या दारुखान्याच्या भंगार बाजारातून जुना अ‍ॅक्सल आणून बनवून घेतलेली. वर्षातून दोनदाच चालते, आगमन आणि विसर्जन, म्हणून बेअरिंगकडे कोणाचंच लक्ष नसायचं. विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर चाकं वाळूत आणि खाऱ्या पाण्यात जातात, मग ट्रॉली तशीच अकरा महिने ताडपत्रीखाली. एका वर्षी आगमनाच्या मिरवणुकीत पुढचं एक चाक फिरेनाच, वर मूर्ती, मागे ढोल, पोरांनी अक्षरशः ओढत नेली आणि वळणावर मूर्ती हलली तेव्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. हब उघडला तर आत ग्रीसऐवजी तपकिरी चिखल, रोलर गंजून एकमेकांना धरलेले. आता नियम केलाय, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी कितीही झोप आली असली तरी चारही हब उघडायचे, धुवायचे, पुसून कोरडे करायचे, ग्रीस भरून बंद. माझे काका ग्रीस भरायला शिकवतात, तळहातावर गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची जाड बाजू त्याच्यावर दाबत राहायची, रोलरच्या फटीतून पलीकडे ग्रीसचे किडे डोकावले म्हणजे तेवढा भाग भरला, मग पुढे सरकवायचं. नुसतं वरून फासलं तर आत काही पोचत नाही.

*

ताई, खाऱ्या पाण्याचं अगदी खरं. माझा छोटा बोटीचा ट्रेलर आहे. एक गोष्ट मला उशिरा समजली, गाडी चालवून आल्या आल्या ट्रेलर पाण्यात उतरवायचा नाही. हब गरम असतो, थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. आता अर्धा तास थांबतो, घरच्यांना चहा पाजतो, मग उतरवतो.

आणि वर नागदेवीवाल्या भाऊंनी इंची नंबरचं सांगितलं त्यात मी बरोब्बर अडकलेलो. एल ४४६४३ आणि एल ४४६४९ या दोन्ही कोनांना कप एकच लागतो, एल ४४६१०. पण पहिल्याचा आतला व्यास २५.४ मिमी आणि दुसऱ्याचा जवळपास २७. मी कप बघून खरेदी केली, कप छान बसला आणि कोन स्पिंडलवर खुळखुळायला लागला. दोन दिवस वाटत होतं स्पिंडलच झिजलाय. म्हणून स्पिंडलचं माप घेतल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

*

एकच सांगतो, ग्रीसचे डबे मिसळू नका. लिथियम ग्रीसवर दुसऱ्या जातीचं भरलं तर कधीकधी दोन्ही पातळ होऊन सीलमधून वाहून जातं. आमच्या टँकरला झालंय, ब्रेक लायनरपर्यंत ग्रीस पोचलं होतं. जुनं सगळं धुऊन काढा मग नवीन भरा. आणि धुतल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग गरगर फिरवायची मजा करू नका, रोलर सुटून डोळ्यात जाईल.

*

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल वडाळ्याच्या दादांनी सांगितलं तसं डाव्या बाजूचं काम समोर उभं राहून करून घेतलं, कप-कोन-सील सगळं नवीन, प्ले ०.०५ वर ठेवला. आज माल भरून भिवंडीला पाठवला आणि ड्रायव्हरला टेम्परेचर गन दिली. पहिल्या वीस किलोमीटरला थांबून त्याने सगळे हब मोजले, डावीकडचे नवीन आसपास ५५ अंश, पण उजवीकडचा मधला ८२ दाखवतोय. ब्रेक चिकटतोय की बेअरिंग ते माहीत नाही. या वेळी खेप टाकून ये म्हटलं नाही, मोठा दगड शोधायला सांगितलं, चाकाखाली लावून तिथेच उभा राहा म्हटलं. जॅक आणि घोडी (उचललेली गाडी टेकवायचा स्टँड) घेऊन मी निघालोय.