'हायड्राइड ट्रान्सफर'ला हस्तांतर म्हणावं की स्थानांतर?

विचारणा: सोलापुरात एम.एस्सी.च्या मुलांसाठी मराठीत टिपणं काढतोय. 'हायड्राइड ट्रान्सफर'ला स्थानांतर लिहू की हस्तांतर? 'कायनेटिक्स'ला गतिकी लिहिलं तर मुलांना रेणूंची धावपळ वाटते. शिवाय पूर्व भागातले आमचे डाइंगवाले काका म्हणतात, "हायड्रो तर आमच्याकडं डब्यानं पडलेला असतो की." ते हेच का?

उत्तर: काकांचं हायड्रो म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. नावात हायड्रो असलं तरी त्या क्षाराच्या रेणूत हायड्रोजनच नाही! कॉस्टिकच्या पाण्यात ते व्हॅट रंगाला (हा एरवी पाण्यात विरघळत नाही) इलेक्ट्रॉन देतं, मग रंग विरघळून सुतात शिरतो. हायड्राइड म्हणजे दोन इलेक्ट्रॉन बाळगणारा हायड्रोजन, ऋणभारित. गल्लत नको.

दुसरं उत्तर: माझं मत हस्तांतर, आणि त्याला प्रयोगाचा आधार आहे. कॅनिझारोची अभिक्रिया घ्या (1853). तीव्र अल्कलीत बेंझाल्डिहाइडच्या एका रेणूचं अल्कोहोल होतं, दुसऱ्याचं आम्ल, म्हणजे त्याचा क्षार. अल्कोहोलच्या कार्बनवर आलेला नवा हायड्रोजन पाण्यातून आला की दुसऱ्या रेणूकडून? जड पाण्यात हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचाच जड समस्थानिक असतो. हीच अभिक्रिया त्या पाण्यात केली तर त्या कार्बनवर ड्युटेरियम सापडत नाही. म्हणजे हायड्राइड मध्ये कुठं सुटा पडत नाही, या रेणूकडून थेट त्या रेणूकडं जातो. सातबारा एका नावावरून दुसऱ्या नावावर चढतो तसा. 'स्थानांतर'मध्ये हा देणारा-घेणारा दिसतच नाही. एकाच रेणूत हायड्राइड शेजारच्या कार्बनवर सरकतो तिथं तो शब्द ठेवा.

गतिकी राहू द्या, फक्त पहिल्याच ओळीत 'अभिक्रियेचा वेग व तो कशावर अवलंबून' असं लिहा. (विश्वकोशात 'विक्रिया' आहे, शाळेच्या पुस्तकांत 'अभिक्रिया'. मुलांना सवयीचं तेच धरा.)

विचारणा: आणि 'ऑर्डर'? 'कोटी' लिहिलं की पोरं विचारतात, सर, तीन कोटी?

दुसरं उत्तर: विचारू द्या की! कोटी म्हणजे वेग संहतीच्या (द्रावणातल्या प्रमाणाच्या) कितव्या घातानं बदलतो तो आकडा. कॅनिझारोची एकूण कोटी तीनच येते: आल्डिहाइडची दोन, हायड्रॉक्साइडची एक. आल्डिहाइडची संहती दुप्पट केली की वेग चौपट. अल्कली फार तीव्र असेल तर हायड्रॉक्साइडचीही कोटी दोनकडं झुकते. म्हणून कोटी समीकरण बघून सांगायची नसते, मोजून काढायची असते.

'रेट डिटर्मायनिंग स्टेप'ला 'वेगनिर्धारक पायरी' रुळलेला आहे, म्हणजे सगळ्यात मंद पायरी, जिच्यावर एकूण वेग ठरतो. हस्तांतर हीच ती पायरी का, हे तपासायला जाणाऱ्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम घालतात. कार्बन-ड्युटेरियम बंध तोडायला जास्त ऊर्जा लागते, म्हणून हस्तांतर हीच ती पायरी असेल तर वेग घटतो. नेहमीच्या तापमानाला साधारण सातपटीपर्यंत. याला 'समस्थानिक परिणाम' लिहा, 'गतिक' हे विशेषण पहिल्यांदा जोडलं की पुरे.

विचारणा: आणि 'हायड्राइड'ला मराठी प्रतिशब्द?

पहिलं उत्तर: कशाला? सोडियम बोरोहायड्राइडच्या बाटलीवर तेच छापलेलं असतं.