प्रतिसाद: क्षमा इतकी स्वस्त नाही
'कन्फेशनमध्ये (म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली देताना) पाप सांगितलं, फादरनी चार प्रार्थना म्हणायला लावल्या की कॅथलिक माणूस मोकळा', हे या चर्चेत वर कुणीतरी मांडलेलं मत अर्धंच खरं. चोरी केली असेल तर वस्तू परत करायची, कुणाची बदनामी केली असेल तर तीही निस्तरायची, असं चर्चची शिकवण सांगते. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात तर अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी भावाशी समेट कर, असं स्पष्ट आहे. (आमच्या वसईत बांधावरून अबोला धरलेले भाऊ एकाच मिस्साला (चर्चमधल्या सामूहिक उपासनेला) दोन टोकांच्या बाकांवर बसतात, ते सोडा!)

सिस्टर राणी मारियांचा उल्लेख इथे कुणीच कसा केला नाही? मूळच्या केरळच्या, मध्य प्रदेशात भूमिहीन मजुरांसोबत काम करायच्या. सावकारांना ते खुपलं आणि १९९५ साली इंदूरच्या बसमध्ये त्यांच्या सांगण्यावरून समंदर सिंग नावाच्या माणसाने सिस्टर राणी मारियांना भोसकून मारलं. २००२ मध्ये त्यांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आली. पुढे त्याच्या सुटकेसाठीही सिस्टर राणी मारियांच्या घरच्यांनी संमती दिली. सुटल्यावर तो केरळात त्यांच्या आईवडिलांच्या घरी माफी मागायला गेला. इथे 'सोपी सुटका' नेमकी कुणाची झाली, ते सांगा.