१९११ : अटलांटिकवरच्या बोटीत पहिल्या वर्गातली बाई दिवसभर काय करायची?

सायली_लिहिते

नमस्कार. एक दीर्घकथा लिहितेय आणि दोन महिने एकाच जागी अडकलेय. नायिका अमेरिकन, तिशीतली, नवऱ्यापासून वेगळी राहणारी, माहेरचा पैसा भरपूर. युरोपात उन्हाळा काढून सप्टेंबर १९११ च्या शेवटी साउदॅम्प्टनहून ऑलिम्पिक बोटीने न्यूयॉर्कला परततेय. सोबत तिची मेड आहे.

जिना, झुंबरं, गालिचे यांची वर्णनं ढिगाने मिळाली. पण ही बाई सकाळी डोळे उघडल्यावर आधी काय करते, बोटीवर आणखी कोण आहे हे तिला कसं कळतं, सहा-सात दिवस वेळ कसा घालवते, हे काही हाताला लागत नाही. पान लिहून होतं, पण त्यात माणूस हलत नाही. कुणाला बारकावे माहीत असतील तर कृपया सांगा. कितीही बारीकसारीक चालेल.

जुना जुळारी

सायलीताई, आधी तारीख बदला. २० सप्टेंबर १९११ ला ऑलिम्पिक साउदॅम्प्टनहून निघाली आणि इंग्लंडच्या वाइट बेटाजवळ हॉक नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेशी तिची टक्कर झाली. मागच्या अंगाला भोकं पडली, फेरी रद्द झाली, उतारूंवर दुसऱ्या बोटी शोधायची वेळ आली. ती दुरुस्त होऊन परत कामाला लागेपर्यंत नोव्हेंबर सरत आला होता. तेव्हा कथा ऑगस्टमध्ये न्या. किंवा बोट बदलून लिव्हरपूलहून सुटणारी मॉरिटानिया घ्या.

मी चाळीस वर्षं छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवले. या बोटींचं वेड लागलं ते जेवणाच्या एका कार्डामुळे. रोजच्या तारखेचं, त्याच दिवशीच्या पदार्थांचं कार्ड भर समुद्रात आलं कुठून, असा प्रश्न पडला आणि शोधता शोधता कळलं की बोटीवर छापखाना असायचा. ऑलिम्पिकचीच जुळी बहीण टायटॅनिक, पुढच्या वर्षी बुडालेली; तिच्यावर दोन मुद्रक होते, अब्राहम मिशेलनी आणि अर्नेस्ट कॉर्बेन. दोघेही बुडाले. पायाखालची जमीन डोलत असताना खिळ्यांची ओळ कशी धरली असेल, या विचाराने मला काही रात्री झोप आली नव्हती. तेव्हापासून मी त्या बोटींचे छापील कागदच बघत आलो आहे. तुमच्या प्रश्नांची उत्तरंही मला त्यातच दिसतात.

सकाळ म्हणजे आंघोळ. सगळ्यांना वाटतं पहिल्या वर्गात प्रत्येक खोलीला न्हाणीघर असणार. तसं नव्हतं. स्वतःचं न्हाणीघर महागड्या दालनांना, बाकीच्यांनी बाथ स्टुअर्डकडून वेळ ठरवून घ्यायची आणि अंगावर गाऊन चढवून बोळातून चालत जायचं. टबात गरम केलेलं समुद्राचं पाणी. खाऱ्या पाण्यात साध्या साबणाला फेस येत नाही. तुमची नायिका कितीही श्रीमंत असली तरी पहिल्या सकाळी हातातली वडी घोळवत बसेल आणि फेस येणार नाही. हे एक वाक्य टाकलंत की बोट समुद्रात आहे हे वाचणाऱ्याला कळेल.

बोटीवर कोण आहे हे कसं कळतं? यादी मिळते. पहिल्या वर्गातल्या उतारूंच्या नावांची छापील पुस्तिका, आडनावाच्या अक्षरक्रमाने. ती चाळत कोणाशी ओळख काढायची, कोणाला टाळायचं, हे ठरतं. नाव लपवायचं असेल त्यांनाही वाट होती. प्रसिद्ध ड्रेस डिझायनर लेडी डफ गॉर्डन आणि तिचा नवरा टायटॅनिकवर मिस्टर आणि मिसेस मॉर्गन या नावाने चढले होते. त्याच पुस्तिकेत कंपनीने एक सूचनाही छापली होती: काही धंदेवाईक जुगारी या बोटींवरून सतत ये-जा करतात, सावध राहा. विड्या ओढायच्या दालनात पत्त्यांचे डाव रंगत तिथे हे लोक सभ्य कपड्यांत बसलेले असत. ते दालन फक्त पुरुषांचं. बाई आत जाणार नाही हे लक्षात ठेवा.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. टायटॅनिकच्या त्या यादीत अमेरिकन धनाढ्य कर्नल ॲस्टरांचं नाव आहे, पुढे 'आणि नोकर'. त्यांच्या पत्नीचं नाव आहे, पुढे 'आणि मेड'. सगळ्या यादीभर हेच. जुळाऱ्याच्या डोळ्याने बघितलं तर त्या ओळीत नाव बसवायला जागा भरपूर शिल्लक आहे, खिळे खर्ची पडले असते तेवढेच. मिसेस ॲस्टरच्या मेडचं नाव रोझाली बिदवा. ती वाचली. बातम्या मालकिणीच्या झाल्या. तुम्ही प्रश्नात मेडला एका वाक्यात उरकलंत ते वाचून मला ही ओळ आठवली. राग नाही, पण तुमचं पान हलत नाही त्याचं कारण कदाचित तिथेच असेल. बाईंचं सकाळचं उठणं, कपडे, केस, दागिने, औषध, सगळं जिच्या हातून होतं तिला बाहेर ठेवून त्या खोलीत कॅमेरा लावता येणार नाही.

बाकी दिवस असा. अकराच्या सुमाराला डेकवर खुर्चीत, पायांवर घोंगडी, हातात गरम सूपचा कप. खुर्ची फुकट नसे, अख्ख्या प्रवासाचं भाडं चार शिलिंग म्हणजे एक डॉलर, घोंगडीचे आणखी चार. व्यायामशाळा सकाळी बायकांना, दुपारी पुरुषांना, आणि तिथे व्यायामाची यंत्रं, विजेवर हलणारा घोडा आणि उंट. चारला चहा, वाद्यवृंद. दुपारी बाराला आदल्या चोवीस तासांत बोट किती सागरी मैल चालली तो आकडा लागे आणि त्यावर पैजा लागत. टायटॅनिकचे शेवटचे दोन आकडे ५१९ आणि ५४६. चोवीस तास म्हटलं, पण पश्चिमेला जाताना रात्री घड्याळ मागे घेत, त्यामुळे दिवस चोवीस तासांहून मोठा भरे. पाऊण तास जास्तीची झोप मिळते, असं तुमची नायिका म्हणू शकेल.

संध्याकाळी बिगूल वाजतो, कपडे बदलायला जा म्हणून. रोज रात्री थाटाचा पोशाख, मात्र पहिल्या आणि शेवटच्या रात्री नाही. पहिल्या रात्री ट्रंका उघडलेल्या नसतात, शेवटच्या रात्री बांधून झालेल्या असतात. अकराला जेवणघराचे दिवे मालवत, साडेअकराला लाउंजचे, बाराला विड्यांच्या दालनाचे.

एक आणखी. बाई पॅरिसहून येत असेल तर साउदॅम्प्टन नको, फ्रान्सच्या शेरबूर बंदरात चढवा. पॅरिसच्या सॅं-लाझार स्टेशनवरून खास गाडी सुटायची. शेरबूरच्या बंदरात इतक्या मोठ्या बोटीला धक्क्याला लागता येत नव्हतं म्हणून नोमॅडिक नावाची छोटी बोट पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या उतारूंना घेऊन जायची. तिसऱ्या वर्गासाठी ट्रॅफिक नावाची वेगळी. नोमॅडिक आजही बेलफास्टला गोदीत उभी आहे. मी गेलो होतो. आत लाकडी बाकावर टेकून बसलो आणि कितीतरी वेळ उठवेना. टायटॅनिकवर चढलेली माणसं त्या बोटीतून गेली होती.

टर्बाइन

काकांचं वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. मी बोटींच्या इंजिनरूममध्ये आयुष्य घालवलंय, त्यामुळे थोडं खालच्या बाजूने.

पैसा बोटीच्या मधल्या भागाला मोजतात. बोट पुढून वर येते, मागून खाली बसते, मध्ये सगळ्यात कमी हलते. म्हणून पहिला वर्ग मध्यावर आणि वरच्या डेकांवर. मॉरिटानियाची बहीण लुसिटानिया नवी होती तेव्हा वेगात असताना मागचा भाग इतका थरथरायचा की तिथल्या दुसऱ्या वर्गाच्या खोल्यांमध्ये राहणं मुश्कील झालं आणि तो भाग आतून बळकट करावा लागला. ऑलिम्पिकचं गणित वेगळं. दोन जुन्या पद्धतीची दट्ट्यांची इंजिनं आणि मध्ये एक टर्बाइन. वेग कमी पण चाल शांत. मॉरिटानिया २५-२६ नॉटने (तासाला तितके सागरी मैल) धावायची आणि दिवसाला सुमारे हजार टन कोळसा खायची. तो सगळा फावड्याने भट्टीत जायचा. माणसांच्या हातांनी.

त्याचा तुमच्या नायिकेशी संबंध असा की वारा फिरला की धुराड्यांची काजळी डेकवर उतरते. फिक्या रंगाचे हातमोजे घालून कठड्याला हात लावला की काळी रेघ. ते मोजे रात्री कोण धुणार ते काकांनी सांगितलंच आहे.

आणि बोट लागण्याचं विसरू नका. उत्तर अटलांटिक ऑगस्टमध्येही दोन दिवस पिसाळू शकतो. जेवणघरात पहिल्या दिवशी भरलेली टेबलं तिसऱ्या दिवशी अर्धी रिकामी दिसतात. बोट लागली की पैशाचा काही उपयोग होत नाही, ओकारी सगळ्यांना सारखीच.

सायली_लिहिते

काका, टर्बाइनदादा, किती आभार मानू. साबणाचा फेस आणि मोज्यांवरची काळी रेघ, दोन्ही आज रात्रीच लिहिणार.

मेडबद्दल लिहिलंत ते लागलं, आणि बरोबर लागलं. आता तिला नाव दिलंय. पण तिच्याबद्दल मला काहीच माहीत नाही. ती जेवते कुठे? झोपते कुठे? आणि शेवट न्यूयॉर्कच्या धक्क्यावर करायचा आहे, तिथे नेमकं काय होतं? मधे नायिका घरी बिनतारी संदेश पाठवते असंही ठेवलंय, ते चालेल ना?

जुना जुळारी

संदेश चालेल, पण शब्द मोजून. पहिल्या दहा शब्दांना साडेबारा शिलिंग, पुढे प्रत्येक शब्दाला नऊ पेन्स. बोटीवरच्या स्टुअर्डेसला, म्हणजे उतारूंची सेवा करणाऱ्या बाईला, महिन्याला साडेतीन पौंड, म्हणजे सत्तर शिलिंग मिळत. दहा शब्दांत तिच्या पगाराचा सहाव्या हिश्श्याहून जास्त भाग संपला. नायिका 'मी सुखरूप आहे' एवढ्यासाठी दहा शब्द वापरते की चार, त्यावरून ती कशी आहे ते दाखवता येईल.

मेड जेवते मेड आणि नोकरांच्या वेगळ्या जेवणघरात. ऑलिम्पिक आणि टायटॅनिकवर ते सी डेकवर होतं. तिचं तिकीट पहिल्या वर्गाचं, पण झगमगाटाचं जेवणघर तिच्यासाठी नाही. झोपायला मालकिणीच्या दालनाजवळची एखादी खोली, बऱ्याचदा आतल्या बाजूची, समुद्र न दिसणारी. हे लक्षात घ्या, सहा दिवस ती समुद्रावर आहे आणि समुद्र तिला मालकिणीच्या खिडकीतून दिसतो.

सामानाचा पसारा किती ते एका उदाहरणाने सांगतो. शार्लट कार्डेझा ही श्रीमंत बाई शेरबूरला टायटॅनिकवर चढली ती १४ ट्रंका घेऊन, वर बॅगा आणि खोकी वेगळी. मुलगा, मेड, नोकर असे चौघे, तिकीट ५१२ पौंडांचं. त्याच बोटीवर तिसऱ्या वर्गाचं तिकीट सात-आठ पौंडांना मिळत होतं. चौघेही वाचले. नंतर तिने भरपाई मागितली ती १,७७,३५२ डॉलरची, आणि त्या दाव्याला हातमोजे, पंखे, झालरी असं एकेका वस्तूची पानंच्या पानं यादी जोडली. मला ती यादी वाचताना सारखं वाटत राहतं की कुठल्या ट्रंकेत कुठल्या थरात काय होतं हे मालकिणीपेक्षा तिच्या मेडला, ॲना वॉर्डला, जास्त आठवत असणार.

आणि एलन बर्ड. टायटॅनिकवरच्याच इडा स्ट्राउस बाईंची ती मेड, नवीनच कामाला लागलेली. बोट बुडत असताना नवऱ्याला सोडून जाणार नाही म्हणून बाई होडीतून मागे फिरल्या तेव्हा त्यांनी आपला फरचा कोट एलनला दिला, थंडी वाजेल म्हणून. एलन आठ नंबरच्या होडीतून वाचली. पुढे तो कोट परत करायला ती स्ट्राउसांच्या मुलीकडे गेली, तर मुलगी म्हणाली, आईने तुला दिलाय, तूच ठेव. मी हे कितीही वेळा सांगितलं तरी त्या कोटापाशी माझा आवाज बसतो. परत द्यायला गेली ना ती.

शेवटासाठी. ट्रंकांवर दोन तऱ्हेच्या चिठ्ठ्या लागत, 'प्रवासात हवी' आणि 'प्रवासात नको', शिवाय आडनावाचं पहिलं अक्षर मोठ्ठं. शेवटच्या दिवशी सगळं पुन्हा बांधायचं. सकाळी बंदराच्या तोंडाशी डॉक्टर बोटीवर येतो, पहिल्या-दुसऱ्या वर्गाची तपासणी तिथेच उरकते. न्यूयॉर्कच्या चेल्सी धक्क्याला बोट लागली की हे लोक शिडीवरून उतरतात. तिसऱ्या वर्गाला मात्र दुसऱ्या छोट्या बोटीत घालून एलिस बेटावर नेतात, तिथे स्थलांतरितांच्या तपासणीच्या रांगा.

धक्क्यावर शेडमध्ये खांबांवर अक्षरं टांगलेली. आपल्या अक्षराखाली आपलं सामान शोधायचं आणि जकातीचा माणूस ट्रंक उघडेपर्यंत उभं राहायचं. परत येणाऱ्या अमेरिकनाला शंभर डॉलरपर्यंतच्या मालाला सूट, त्यापुढे जकात. पॅरिसचे कपडे म्हणजे मोठीच रक्कम. किती कपडे जाहीर केले ते बोटीवरच कागदावर सही करून दिलेलं असतं, आणि आता तो माणूस एकेक घडी उचलतोय. किल्ल्यांचा जुडगा मेडच्या हातात. कुठल्या ट्रंकेच्या तळाशी काय आहे हे तिला माहीत आहे, मालकीण तिच्याकडे बघत नाहीये.

तुमच्या मेडचं नाव काय ठेवलंत ते कळवा.

सायली_लिहिते

मार्गरेट. आयर्लंडची, क्वीन्सटाउनजवळची. बोट तिथे थांबते ना काका? तिला आपला किनारा दिसेल का?

जुना जुळारी

थांबते. बंदराबाहेर नांगर टाकते, टपाल आणि उतारू छोट्या बोटींतून येतात. डेकवर गेली तर दिसेल, पण त्या वेळी मालकीण विश्रांती घेत असेल तरच.