संत्रावाल्यांचा ग्रुप व्हाट्सअपवरच राहू द्याचा का दुसरीकडं न्याचा?

वरुडचा_बागायतदार
राजेहो एक सल्ला पाहिजे. आमचा वरुड-मोर्शीकडल्या संत्रावाल्यांचा व्हाट्सअप ग्रुप हाये. सुरुवातीले गावातलेच लोकं होते, आता पाचशेच्या वर गेले. ग्रुप चांगला चालते, नाई म्हणत नाई. कोणी कोळशीचा (पानं काळी पडाच्या रोगाचा) फोटो टाकला तं अर्ध्या तासात कोणीतरी बोलते, भाव समजते, कोणता व्यापारी पैसे बुडवून गेला थेही समजते. पण तरास असा का चांगलं उत्तर आलं का दोन दिवसात खाली दबून जाते. मागं एका काकानं आंबिया बहाराच्या (जानेवारी-फेब्रुवारीत फुलते थो) फळगळीवर इतकं मस्त लिवलं होतं, ताण (फुलं याले झाडाचं पाणी बंद ठेवणं) कधी तोडाचा, पह्यलं पाणी किती द्याचं, मंग काय फवाराचं, सगळं. यंदा तोच प्रश्न पुन्हा दहा जणांनी इचारला आन कोणालेच थे सापडलं नाई, खुद काकानं फोन बदलला तं त्याच्याजवळही नाई. वरून सुप्रभात, देवाचे फोटो, आन निवडणूक आली का संत्रा राह्यला बाजूले.

कोणी म्हणते टेलिग्राम करा, कोणी म्हणते फेसबुक ग्रुप, भाचा पुण्याले हाये थो म्हणते मामा आपली वेबसाइटच काढू. मले हे समजत नाई का यातलं कशात काय बरं आन काय वाईट. ज्यानं खरोखर चालवलं हाये त्यानं सांगा बाप्पा, नुसतं हे भारी ते भारी नको. आन एक ध्यानात ठेवा का आमचे अर्धे लोकं टाईप करतच नाई, व्हॉइस टाकते.

काटोलकर_पोट्टा
भाऊ डोळे मिटून टेलिग्राम करा. मी आमच्या इकडचा एक ग्रुप चालवतो म्हणून सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे नवीन माणूस आला तरी त्याला जुनं सगळं दिसते, म्हणजे ती सोय ग्रुप बनवताना चालू ठेवा फक्त. व्हाट्सअपवर आज आलेल्या माणसाला आधीची सगळी चर्चा काही मिळत नाही, म्हणून तोच प्रश्न दहादा येते. दुसरं, टेलिग्रामचं सगळं त्यांच्या सर्व्हरवर राहते, फोन बदला नाहीतर विहिरीत पाडा, नंबर तोच असला की सगळं परत येते. आपल्या लोकांचे फोन स्वस्तातले, मेमरी भरली की पोट्टे पहिले व्हाट्सअपचे फोटो उडवते, त्यातच कामाचे फोटो जाते.

तिसरं आणि सगळ्यात कामाचं म्हणजे टॉपिक. २०२२ च्या शेवटी आलं ते. एकाच ग्रुपात वेगवेगळे कप्पे, डिंक्या (खोडातून डिंक गळते तो रोग) वेगळा, फळगळ वेगळी, ठिबक वेगळं, भाव वेगळे. सुप्रभातवाल्यांना पण एक कप्पा काढून द्या, तिथं घाला म्हणा काय घालायचं ते. ग्रुपात दोन लाख लोकं बसते आणि २ जीबीपर्यंतची फाइल जाते, म्हणजे विद्यापीठाची पुस्तिका, शेतकरी मेळाव्याचा अख्खा व्हिडिओ, काहीही टाका. पिन केलेला मेसेज आपण काढेपर्यंत तिथंच राहते, व्हाट्सअपवर जास्तीत जास्त ३० दिवस.

खोट एकच, लोकं ते ॲप उघडत नाही.

शेंदुरजनावाले_दाजी
मंग काय उपेग त्याचा 😄 व्हाट्सअपच बरं. सकाळी उठल्यावर माणूस तेच पायते.

आर्वीची_ताई
दाजी बरोबर बोलले पण पूर्ण नाही बोलले. मी बचत गटाच्या बायांसोबत काम करते, आमच्या बाया शेती करतात, फवारणीचं पाणी भरण्यापासून तोडणीपर्यंत, पण तुमच्या अशा पाचशेच्या ग्रुपात किती बाया आहेत ते मोजून सांगा भाऊ. आणि ज्या आहेत त्या बोलतात का? व्हाट्सअपच्या साध्या ग्रुपात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. एखादीने प्रश्न विचारला की रात्री अनोळखी माणसाचा हाय येतो, मग घरी कटकट, मग ती ग्रुप सोडते. हे कोणी ग्रुपवर सांगत नाही, आमच्याजवळ येऊन सांगतात. त्यामुळे ग्रुप चांगला चालतो म्हणजे कोणासाठी चालतो ते पण बघा.

व्हाट्सअपच्या कम्युनिटीत जो सूचनांचा ग्रुप असतो तिथं सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, चॅनलवरही दिसत नाहीत, पण दोन्हीकडे विषय काढतो फक्त ॲडमिन, बाकीच्यांना स्वतःहून प्रश्न टाकता येत नाही. मग ते गावातल्या भोंग्यासारखं झालं, चर्चा कुठे राहिली. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो हे खरंय, पण सेटिंग करावी लागते आणि ती कोणी करून देत नाही. शिवाय टेलिग्रामवर पैसे दुप्पट करून देतो, घरबसल्या काम देतो असल्या फसवणुकीच्या चॅनलांचा सुळसुळाट आहे, नवीन माणसाला तिथे पाठवायचं तर हे आधी समजावून सांगा. आणि काटोलच्या भाऊंनी सांगितलं नाही म्हणून सांगते, टेलिग्रामचे ग्रुप एंड टू एंड एन्क्रिप्टेड (म्हणजे मेसेज कंपनीलाही वाचता येऊ नये असे कुलूपबंद) नसतात, व्हाट्सअपचे असतात. संत्र्याच्या भावाला त्याने काही फरक पडत नाही पण कोणी घरचं, कर्जाचं वगैरे लिहिलं तर पडतो.

फेसबुकबद्दल, एक चांगलं म्हणजे फोटोखाली त्याच फोटोच्या कमेंट राहतात, त्यामुळे एका झाडाचा रोग आणि त्याचं उत्तर एका जागी सापडतं. वाईट म्हणजे तिथे कोणाला काय दाखवायचं ते फेसबुक ठरवतं. कालची पोस्ट आज वर, आजची कुठेतरी खाली. पाऊस येणार आहे काढलेला माल झाका हे जर तीन दिवसांनी दिसलं तर काय करायचं त्याचं. आणि आमच्याकडे घरात एकच चांगला फोन, तो दिवसभर पोराजवळ. ॲप कोणतं का असेना.

जुनं_खोड
ताईंनी नेमकं लिहिलंय. मी मूळचा अचलपूरचा, बँकेतून निवृत्त, आता बाग बघतो. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझा मुद्दा वेगळा आहे. जागा कोणाची ते बघा. याहू ग्रुप्स आठवतात का कोणाला? एकेकाळी किती मंडळी तिथे होती, किती वर्षांचं लिखाण. २०१९ च्या डिसेंबरात त्यांनी जुना मजकूर काढून टाकला आणि १५ डिसेंबर २०२० ला दुकानच बंद. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला गेलं, गूगल प्लस २ एप्रिल २०१९ ला. त्या वेळी ज्यांनी आपला माल आधी उतरवून घेतला त्यांचा वाचला. टेलिग्रामच्या मालकाला २०२४ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सात अटक झाली होती. ॲप चालूच राहिलं, पण आपल्या फळगळीचं ज्ञान दुसऱ्याच्या वाड्यात ठेवलंय एवढं लक्षात ठेवावं.

याच्या उलट मायबोली ही मराठी चर्चेची साइट बघा, १९९६ पासून आहे. तिथला फार जुना धागासुद्धा गूगलमध्ये वर येतो, म्हणजे सदस्य नसलेला माणूसही वाचतो. व्हाट्सअप, टेलिग्रामचा खाजगी ग्रुप, डिस्कॉर्ड, यांच्या आतलं गूगलला दिसतच नाही. डिस्कॉर्ड २०१५ साली गेम खेळणाऱ्या पोरांमुळे वर आलं, तिथं आवाजाच्या खोल्या वगैरे छान आहेत, पण आपल्या वयाचा माणूस आत गेला की त्याला बाहेरचा रस्ता सापडत नाही. रेडिट नावाच्या चर्चेच्या साइटवर चांगलं उत्तर मतं मिळून वर चढतं ही सोय उत्तम, पण आपला वरुडचा माणूस तिथं कोण भेटणार.

तुमचा भाचा म्हणतो ते शक्य आहे. डिस्कोर्स नावाचं सॉफ्टवेअर आहे, डिस्कॉर्ड नव्हे, नावं सारखी आहेत. २०१३ पासूनचं, फुकट आहे, पण सर्व्हर भाड्याने घ्यावा लागतो, डोमेनचे (साइटच्या पत्त्याचे) दरवर्षी पैसे. तुमच्या त्रासावर त्यात थेट औषध आहे: कोणी नवा प्रश्न लिहायला घेतला की त्याच्यासारखे जुने धागे ते आपणहून दाखवतं. नव्या सदस्याला सुरुवातीला मोजक्याच लिंका, मोजकेच फोटो टाकता येतात, रोज येऊन वाचत गेला की हक्क वाढतात, त्यामुळे जाहिरातवाले आपोआप गळतात.

पण ईमेल लागतो, पासवर्ड लागतो, आणि तुमची व्हॉइसवाली मंडळी दारातच अडणार. भाच्याचं लग्न झालं, नोकरी बदलली की सर्व्हरचे पैसे कोण भरणार हेही आजच विचारून ठेवा. अशा कितीतरी मराठी साइटी एका माणसाच्या उत्साहावर उभ्या राहिल्या आणि तो थकला तशा गेल्या.

पऱ्हाटीवाला_यवतमाळ
सगळे सोय पाहून रायले, चुकीचं कोणी पाहूनच नाई रायलं. मी घाटंजीकडचा, कापूसवाला, पण संत्र्याचंच उदाहरण घ्या. बोर्डो हे बुरशीचं औषध. बोर्डो पेस्ट म्हंजे १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १० लिटर पाणी, थे खोडाले लावाचं. आन १ टक्का बोर्डो मिश्रण म्हंजे तेवढंच मोरचूद तेवढाच चुना पण पाणी १०० लिटर, थे फवाराचं. आता कोणी नुसतं "बोर्डो १:१:१०" असं लिवून सोडलं आन दुसऱ्यानं थेच पानावर मारलं, तं पानं भाजणार नाई तं काय होणार. व्हाट्सअपवर लिवणाऱ्याले स्वतःचा मेसेज १५ मिनिटं सुधारता येते, ॲडमिनले पूर्ण काढता येते, पण तोवर थो दहा ग्रुपात फॉरवर्ड झालेला राहते. तो कसा वापस आणणार? २०१८ च्या जुलैपासून आपल्या देशात एका वेळी पाचच जागी फॉरवर्ड करता येते, तरी पाच गुणिले पाच करा. अथी टेलिग्राम असो का काईही, तसंच. उघड साइटवर निदान थे एकाच जागी राहते, खाली दुसरा लिवते का बाबू हे चूक हाये, आन वाचणाऱ्याले दोन्ही दिसते.

मले हे काहून लागते तं आमच्या जिल्ह्यात २०१७ साली कपाशीच्या फवारणीत विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी मजूर गेले. कोणतं औषध कशात मिसळाचं हा आमच्यासाठी गप्पांचा विषय नाई. म्हणून आमच्या ग्रुपात नियम हाये, औषधाचं नाव आन प्रमाण लिवाचं तं पाकिटाचा फोटो पाहिजे नाईतर अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची शिफारस पाहिजे, नाईतर मेसेज उडते. शंभर अंगठे भेटले म्हणून प्रमाण बरोबर होत नाई. खोड दादा, रेडिटच्या मतांचंही तसंच हाये, लोकाइले आवडलं थे वर जाते.

आन वरुडवाले भाऊ, ॲडमिन म्हणून भेऊ नका. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात आपल्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगतलं हाये का दुसऱ्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मेसेजसाठी ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाई, मिळून ठरवून केलं असन तं गोष्ट येगळी. पण म्हणून झोपाचं नाई.

वरुडचा_बागायतदार
सगळ्याइले धन्यवाद, खरंच. ताई तुमचं वाचून मी मोजलं, बाया हायेत चौदा, आन मले आठवते तसं त्यातल्या दोघीच कधी बोलल्या. हे आधी ध्यानातच आलं नव्हतं.

पण मले एक समजून घ्या, लोकं व्हाट्सअपवरून हालतच नाई. रात्रीची लाइन (शेतीची वीज) असली तं मोटर चालू कराले उठते तवाही तेच पायते. वेबसाइट काढली तं भाचा आन मी असे दोघंच राहू तिथी. तं असं केलं तं? रोजचं बोलणं व्हाट्सअपवरच. आन महिन्यातून एकदा कोणीतरी बसून त्यातलं कामाचं तेवढं टेलिग्रामच्या टॉपिकात नेऊन टाकाचं, व्हॉइस असन तं ऐकून चार ओळी लिवाच्या. प्रश्न येवढाच का थे लिवणार कोण. मले वेळ नाई, तोडणी सुरू होईन आता.

काटोलकर_पोट्टा
महिन्यातून एकदा नका करू भाऊ, महिन्याचे मेसेज कोणी वाचणार नाही, आठवड्यालाच करा. आणि बारावी झालेलं गावातलं एखादं पोट्टं नाहीतर पोट्टी धरा, वर्गणी काढून त्यांना थोडे पैसे द्या. फुकट सांगितलं तर दुसऱ्या आठवड्यात बंद. आणि देवनागरीत आणि इंग्रजी अक्षरात दोन्हीत विषयाचं नाव टाकायला लावा, नाहीतर सर्च केलं की अर्ध्यांना सापडते अर्ध्यांना नाही.

जुनं_खोड
पैसे द्याच. आणि त्या मुला-मुलीने लिहिलेलं सहा महिन्यांतून एकदा साध्या फाइलीत उतरवून कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर ठेवा. टेलिग्रामच्या डेस्कटॉपवर एक्सपोर्टची सोय आहे. काकांचा जुना मेसेज दुसऱ्या कोणाच्या फोनवर असला तर व्हाट्सअपमधूनही चॅट एक्सपोर्ट होतं, पण त्या फोनवर जे उरलंय तेवढंच येतं. ज्यांनी कधी काही डिलीट केलं नाही असं एखादं चिवट माणूस शोधा, प्रत्येक ग्रुपात एक असतंच.

पऱ्हाटीवाला_यवतमाळ
लिवणाऱ्या पोट्ट्याले प्रमाण स्वतःच्या मनानं लिवू देऊ नका. पाकिटाचा फोटो संगच टाका.

आर्वीची_ताई
आणि भाऊ, टेलिग्राम कराल तर पहिल्याच दिवशी त्या चौदा जणींच्या फोनमध्ये हे करून द्या, आमच्याकडे मी स्वतः बसून करून देते: सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग फोन नंबर, तिथे नोबडी निवडायचं. त्याच्या खालीच अजून एक येतं, नंबरवरून मला कोण शोधू शकतं ते, तिथे माय कॉन्टॅक्ट्स करा. हे दुसरं सगळे विसरतात.

शेंदुरजनावाले_दाजी
ताई माह्या फोनमधी मराठी हाये सगळं, त्यात नोबडीले काय म्हणते?

आर्वीची_ताई
दाजी तुम्हाला कशाला लपवायचाय नंबर 😂 फोटो टाका स्क्रीनचा, सांगते.